कापशीचा उजवा कान

कापशीचे दोन कान दोन रंगांचे. म्हणजे अख्खी मांजर पांढरीशुभ्र, कापूस पिंजून ठेवल्यासारखी, फक्त डाव्या कानावरून खाली डोळ्याच्या वरपर्यंत एक राखाडी डाग, जणू कुणीतरी शाईचं बोट तिच्या डोक्याला पुसलंय. पिल्लू होती तेव्हा आम्ही त्या डागाला टोपी म्हणायचो, तिरकी टोपी घातलेली मांजर. त्या टोपीने तिचा एक कान वाचेल आणि दुसरा जाईल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

सुरुवात कशी झाली ते नीट आठवतंय. उजव्या कानाच्या कडेवरचे केस जरा विरळ झाले आणि खालची कातडी गुलाबी दिसायला लागली, उजेडात बसली की कान आरपार दिसायचा, बारीक बारीक शिरांसकट, आणि मला ते फार गोड वाटायचं, त्याचे फोटोसुद्धा काढलेत मी. मग कधीतरी तिथे खपली आली. तिळाएवढी. कापशी बाहेर फिरून येणारी, कुंपणावर बसून दुसऱ्या मांजरांशी भांडणारी, त्यामुळे मी धरूनच चालले की कुणाचं तरी नख लागलं असणार. घरातलं मलम लावलं. खपली पडली, खाली ओलं लाल दिसलं, दोन दिवसांनी परत खपली धरली. परत पडली. परत धरली. असं करता करता तीन महिने गेले.

ते तीन महिने मला अजून टोचतात. कारण माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं असं अजिबात नाही, रोज मांडीवर घेत होते, रोज तोच कान खाजवत होते, आणि ही जखम भरतच नाहीये एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरत नव्हती. भांडणातला ओरखडा आठ-दहा दिवसांत भरून येतो. जे महिनाभर भरत नाही ते ओरखडा नसतं, दुसरंच काहीतरी असतं. हे वाक्य मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणून इथे पहिल्यांदा तेच लिहितेय.

शेवटी कानाचं टोक आतल्या बाजूला वळायला लागलं, वाळलेल्या पानाची कड वळते ना तसं, तेव्हा मी घाबरले आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी खपलीला हात लावायच्या आधी विचारलं, "ही उन्हात बसते का?"

"बसते म्हणजे काय, दुपारभर तिथेच असते. गच्चीच्या कठड्यावर."

"किती वर्षं?"

"नऊ."

मग त्यांनी कापशीचं डोकं ओंजळीत धरलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही हात लावून बघा. आधी डावा." मी राखाडी कानाची कड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून वरपासून खालपर्यंत फिरवली. मऊ, गुळगुळीत, मखमलीला किनार असावी तशी. "आता उजवा. खपली सोडून, तिच्या बाजूला." आणि बोटाला चक्क रेती लागली. रेती नव्हती ती, कातडीच तशी झाली होती, बारीक पॉलिश पेपरसारखी खरखरीत. डोळ्यांना ते फक्त थोडं गुलाबी, थोडं कोंडा झाल्यासारखं दिसत होतं, बोटाला मात्र लगेच कळलं. एकच मांजर, एकच कठडा, तेच ऊन, तीच नऊ वर्षं. फरक इतकाच की एका कानाच्या कातडीत रंग होता आणि दुसऱ्याच्या नव्हता.

तो रंग म्हणजे मेलॅनिन. आपल्याला वाटतं रंग म्हणजे दिसण्यापुरता, पण कातडीच्या पेशीत हे मेलॅनिन केंद्रकाच्या वर छत्री धरल्यासारखं जमा होतं आणि अतिनील किरण शोषून घेतं. छत्री नसेल तर यूव्हीबी किरण, म्हणजे अतिनील किरणांतला जास्त घातक प्रकार, थेट डीएनएपर्यंत पोचतात, तिथे शेजारी शेजारी असलेले दोन दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात, आणि पेशी बिचारी ते उसवून परत नीट करत बसते, रोज करते, वर्षानुवर्षं करते. पण एखादी चूक दुरुस्त व्हायची राहतेच. पी५३ नावाचं एक जनुक असतं, बिघडलेल्या पेशीला पुढे वाढू न देणं हे त्याचं काम, आणि जेव्हा चूक नेमकी त्याच्यातच राहून जाते तेव्हा पुढचं सगळं घसरत जातं. आधी नुसता लालपणा, मग खरखरीतपणा, मग खपली, मग न भरणारी जखम. यात वर्षं जातात, म्हणून आजच्या दुपारचा आणि नऊ वर्षांनंतरच्या गाठीचा संबंध आपल्या लक्षातच येत नाही.

बायोप्सी केली, रिपोर्ट आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. मांजरांमध्ये उन्हामुळे होणारा कॅन्सर म्हणजे बहुतेक वेळा हाच, आणि त्याच्या जागाही ठरलेल्या, कानाची टोकं, नाकाचा शेंडा, पापण्या, म्हणजे जिथे केस विरळ आणि कातडी उघडी. पांढऱ्या मांजरांना तो इतर रंगांच्या मांजरांपेक्षा कितीतरी जास्त होतो, अमेरिकेतल्या एका जुन्या पाहणीत हा फरक १३ पटींच्या आसपास निघाला होता. हे ऐकून मला चक्करच आली, कारण नऊ वर्षांत पांढरी मांजर पाळतोय म्हणून काही वेगळं करावं लागतं हे मला माहितीच नव्हतं.

कानाचा वरचा निम्म्याहून जास्त भाग काढावा लागला. ऐकायला भयंकर वाटतं, मी ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोपले नाही, पण डॉक्टर म्हणाल्या कान आहे म्हणून नशीब समजा. हा कॅन्सर आजूबाजूला पोखरत जातो पण दूर पसरायला सहसा वेळ घेतो, त्यामुळे कडेचं निरोगी मांस धरून पूर्ण कापून काढला तर बऱ्याच मांजरांचा प्रश्न तिथेच सुटतो. कान कापता येतो, ऐकण्याचं काम आत चालतं, त्याला धक्का लागत नाही. नाकावर झाला असता तर कापायला जागाच कमी, मग गोठवणं, रेडिएशन, असे मार्ग, आणि तेही लवकर सापडला तरच सोपे. टाके काढेपर्यंत गळ्यात ती प्लॅस्टिकची मोठी कॉलर घालून ती घरभर भिंतींना आपटत फिरली आणि मी तिच्या मागे मागे.

पण खरा प्रश्न त्यानंतरचा होता. आता हिला उन्हापासून लांब कसं ठेवायचं? मांजराला ऊन किती आवडतं हे ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांना सांगायलाच नको. फरशीवर उन्हाचा हातभर तुकडा पडला तरी ते तिथे जाऊन आडवं होणार, तुकडा सरकला की तेही सरकणार. नऊ वर्षं जो तिचा सगळ्यात मोठा आनंद होता तोच काढून घ्यायचा, हे मला फार जड गेलं. मी दार बंद केलं की ती दारापाशी बसून माझ्याकडे बघायची, ओरडायची नाही, नुसती बघायची.

मग वाचता वाचता एक गोष्ट कळली आणि सगळं जरा सोपं झालं. मांजराचं शरीर ३० ते ३८ डिग्री सेल्सियसच्या दरम्यान सगळ्यात निवांत असतं, म्हणजे त्या तापमानात त्याला अंग गरम ठेवायला किंवा गार करायला वेगळी ताकद लावावी लागत नाही. आपल्याला जिथे छान वाटतं तिथे त्याला खरंतर थोडं गारच वाटत असतं. त्याचे पूर्वज कोरड्या, तापलेल्या मुलखातले, ते अजून अंगात आहे. म्हणजे कापशी कठड्यावर जाऊन शोधत होती ती ऊब होती, आणि ऊब मिळायची एकच जागा तिला माहीत होती, ऊन. आपल्या अंगाला उन्हातलं जे गरम लागतं ते वेगळे किरण, आणि कातडी जाळतात ते अतिनील किरण वेगळे, ते तर जाणवतच नाहीत, ना तिला ना मला. म्हणून तर गार वारा सुटलेला असताना उन्हात बसलं की काही वाटत नाही आणि संध्याकाळी कातडी लाल. ढगांवरही भरवसा नाही, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे.

ऊब हवी असेल तर ऊब मी देऊ शकते. खोक्यात जुनी लोकरीची शाल, तिच्याखाली कोमट पाण्याची पिशवी नीट गुंडाळून, आणि खोकं खिडकीपाशीच पण पडद्याच्या आड, म्हणजे बाहेरचे पक्षी दिसले पाहिजेत. पहिले चार दिवस तिने त्या खोक्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी घरात शोधत होते तर खोक्यात, पोट वर करून, गाढ झोपलेली.

खिडकीच्या काचेवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका, ती अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. साधी काच यूव्हीबी बरंच अडवते, अतिनील किरणांचा दुसरा प्रकार, यूव्हीए, बराचसा आत येऊ देते. यूव्हीए त्या मानाने कमी घातक, पण कातडीत जास्त खोल जातो, त्यामुळे पांढरं मांजर रोज चार-पाच तास काचेमागे उन्हात झोपत असेल तर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावून घेतलेली बरी. आम्ही लावली, बाहेरचं दिसायला काही फरक पडत नाही.

आणि ते ड जीवनसत्त्वाचं. मला किमान चार जणांनी प्रेमाने सांगितलं की अगं बसू दे तिला उन्हात, ड जीवनसत्त्व मिळतं. माणसाला मिळतं, खरंय. पण कुत्र्या-मांजरांच्या कातडीत हे जवळजवळ होतच नाही. ज्या पदार्थापासून उन्हात ड जीवनसत्त्व तयार व्हायला हवं, तो पदार्थ त्यांच्या कातडीत साठतच नाही, एक एन्झाइम त्याचं आधीच कोलेस्टेरॉल करून टाकतं. त्यांना ते खाण्यातूनच मिळवावं लागतं, जंगलात शिकारीच्या यकृतातून आणि चरबीतून मिळायचं, घरात आपण देतो त्या खाण्यातून. त्यामुळे त्या एका कारणासाठी कुणी आपल्या जनावराला भर दुपारी उन्हात सोडत असेल तर कृपा करून सोडू नका.

कापशीचं हे सगळं चालू असताना ताईचा फोन आला. तिच्याकडे ठिपक्या आहे, आखूड केसांचा पांढरा कुत्रा, अंगावर काळे ठिपके, पोट अगदी गुलाबी आणि उघडं. त्याची सवय म्हणजे अंगणातल्या फरशीवर उताणा पडून चारी पाय वर करून झोपायचं.

"अगं त्याच्या पोटाला घामोळं आलंय," ताई म्हणाली. "पावडर लावतेय."

"ताई, कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, घाम फक्त पंजाच्या गाद्यांना. घामोळं कुठून येणार? तू एक कर, त्याच्या काळ्या ठिपक्यांवरून हात फिरव आणि मग मधल्या गुलाबी जागेवरून फिरव."

फोन तिने तसाच जमिनीवर ठेवला असावा, मला ठिपक्याचं शेपूट फरशीवर आपटल्याचा आवाज येत होता. मग बराच वेळ काही नाही. मग ताई परत आली आणि म्हणाली, "ठिपके मऊ आहेत गं. मधलं सगळं जाड लागतंय, आणि बारीक बारीक गाठी आहेत, काळ्या तोंडाच्या."

कुत्र्यांमध्ये उन्हाची जागा म्हणजे कान नाही, पोट. पोट, जांघा, मांड्यांची आतली बाजू, आणि नाकाच्या वर जिथे केस संपतात ती पट्टी. डाल्मेशियन, बुल टेरियर, बीगल, व्हिपेट, पांढरे बॉक्सर, पिटबुल, ज्यांचे केस आखूड आणि कातडी गोरी ते सगळे यात आले, आणि त्यांच्यासारखेच रंगरूप असलेले रस्त्यावरचे कुत्रेही. कुत्र्याची वरची कातडी माणसापेक्षा खूप पातळ असते, जेमतेम तीन ते पाच पेशींचे थर, आपल्याकडे त्याच्या दुप्पट-तिप्पट, बाकी सगळा भरवसा केसांवर. जिथे केस नाहीत तिथे काहीच नाही. आणि कुत्रा उताणा झोपत नसला तरी पोट सुटत नाही, कारण जमिनीवरून ऊन उलटून वर येतं. कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. एखादा कुत्रा रोज एकाच कुशीवर झोपत असेल तर पोटाची एकच बाजू बिघडलेली असते, दुसरी ठणठणीत, डॉक्टर त्यावरूनही ओळखतात.

ठिपक्याचं नशीब चांगलं होतं. बायोप्सीत अजून कॅन्सर नव्हता, उन्हाने कातडी दुखावली होती, तिथेच पकडलं गेलं. असंच राहू दिलं असतं तर त्यातून कार्सिनोमा होऊ शकला असता, किंवा हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, तोही अशा गोऱ्या पोटांवर उन्हामुळे होतो. ताईने त्याला अतिनील किरण अडवणारा अंगरखा शिवून घेतला, असा कपडा यूपीएफ ५० चा (यूपीएफ म्हणजे कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचं माप) असेल तर ५० पैकी एकच भाग किरण आत जातात, आणि दुपारी तो घरात. काही महिन्यांनी गेले तेव्हा पोटावर हात फिरवला, पोट बरंच मऊ झालं होतं. सगळं नाही, बरंच.

एक गोष्ट मात्र होता होता राहिली, ती सांगायलाच हवी. फोनवर बोलणं झाल्यावर ताईने लगेच स्वतःचं सनस्क्रीन काढलं आणि त्याच्या पोटाला लावायला घेतलं. प्रेमापोटीच. मी दुसरा फोन केला म्हणून थांबली. माणसांच्या बऱ्याच सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असतं, कुत्र्या-मांजरांनी ते चाटून पोटात गेलं आणि पुरेसं गेलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. दुसरं म्हणजे सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं. मांजराच्या यकृतात ते मोडून बाहेर टाकायची सोय फार कमी असते, माणसाच्या शरीरातून साध्या डोसचं निम्मं काही तासांत निघतं, मांजराला त्यासाठीच साधारण दीड दिवस लागतो. आणि मांजर म्हणजे अंगाला लावलेलं सगळं पोटात जाणार हे धरूनच चालायचं. म्हणून फक्त प्राण्यांसाठी बनवलेलं, बिनवासाचं, आणि मांजरासाठी असेल तर मांजराला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं, तेही डॉक्टरांना दाखवून. कुत्र्यांसाठीचं मांजराला नाही. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं खेळवत ठेवायचं म्हणजे मुरायला वेळ मिळतो. खरं सांगायचं तर माझा सनस्क्रीनवर फार जीव नाही, सावली जास्त खात्रीची, पण ज्यांचं जनावर घरात थांबतच नाही त्यांना कानाच्या टोकांना आणि नाकाला तेवढं तरी असावं.

उन्हाळ्यात दाट केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून काढून टाकणं, हेही चांगल्या हेतूनेच होतं. विंचरून सुटे केस काढा, पण कातडी उघडी पाडू नका, ती कधी उन्हात आलेलीच नसते.

हे सगळं लिहिलं म्हणून प्रत्येक गाठ उन्हाचीच असं समजू नका. कुत्र्यांमधला सगळ्यात जास्त दिसणारा कातडीचा कॅन्सर, मास्ट सेल ट्यूमर, त्याचा उन्हाशी संबंध नाही. तोंडातला मेलॅनोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तोही तसाच. काळ्या कुत्र्यांना नखाच्या मुळाशी कार्सिनोमा होतो, तोही उन्हाशिवाय. त्यामुळे रंग कुठलाही असो, हात सगळ्यांवरून फिरवायचाच, फक्त पांढऱ्यांच्या कानांवरून आणि गुलाबी पोटांवरून जरा सावकाश.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. दर रविवारी रात्री दिव्याखाली कापशीला मांडीवर घ्यायचं, आधी नाकाचा शेंडा, मग दोन्ही पापण्या, मग राखाडी कान, आणि मग तो अर्धा कान, कड बोटात धरून, रेती लागते का बघत. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की जी कातडी नऊ वर्षं उन्हात होती तिच्यात दुसरीकडेही काही उगवू शकतं. डाव्या पापणीवर टोपीचा रंग आहे, उजवी गुलाबी आहे, मी उजवी दोनदा बघते. तिला त्याचा कंटाळा येत नाही, उलट घशातून घुरघुर सुरू होते, तिला वाटतं लाड चाललेत.

बाहेर जायचंही बंद नाही. सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर. घड्याळापेक्षा मी सावली बघते, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर सूर्य वर आहे, किरण कडक आहेत, लांब झाली की ऊन मवाळ. ऋतू बदलला, दिवस लहान-मोठा झाला, तरी हे चुकत नाही.

रोज दुपारनंतर मी गच्चीत जाऊन उभी राहते आणि ती दाराच्या जाळीमागे बसून वाट बघते. आज पावणेपाचला सावली माझ्यापेक्षा हातभर लांब पडली. दार उघडलं. कापशी घाई न करता बाहेर आली, कठड्याखाली थांबली, कठडा अजून गरम आहे का ते पंजा ठेवून बघितलं, आणि मग उडी मारून वर जाऊन आडवी झाली, राखाडी कान खाली दबलेला आणि अर्धा कान वर.